बुडीचा खडक

बुडीच्या खडकाखाली जिवंत पोवळं आहे की नाही, एवढंच पाहून यायचं होतं. असलं तर विजयसिंहांच्या नव्या रिसॉर्टला पर्यटकांना दाखवायला स्वतःची जागा मिळणार होती, आणि सम्राटला डायव्हिंग गाइडची नोकरी.

ती नोकरी त्याला का हवी, हे त्याची थोरली बहीण संयोगिता ओळखून होती. कागलच्या तालमीत गुडघा निखळला, त्या दिवसापासून जमिनीवरचं प्रत्येक पाऊल त्याला दुखायचं. पाण्यात दुखत नसे; तिथे गुडघ्यावर भार येत नाही. सागरी जीवशास्त्र शिकलेल्या संयोगिताने त्याला मालवणच्या किनाऱ्यावर आणलं, डायव्हिंग शिकवलं, आणि पोरगा पुन्हा हसायला लागला.

शिकवताना अडचण एकच आली. सम्राट विहिरीवर वाढलेला. एका बुडीत तळाची माती मुठीत आणणारा.

"दम लई हाय बघ माझ्यात, आक्का!"

"तुझा दम विहिरीत ठेव," ती म्हणायची. "सिलिंडरची हवा घेतलीस की श्वास रोखायचा न्हाय. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, छातीतली हवा फुगती. श्वास चालू असला तर निघून जाती. रोखलास तर फुप्फुस फाटतंय."

हळूहळू त्याची सवय मोडली. निदान तिला तसं वाटलं.

निघायच्या सकाळी समुद्र फुगलेला होता. "आज नको," ती म्हणाली. विजयसिंह धक्क्यावर हात बांधून उभे होते. "मॅडम, सीझन सुरू झालाय. पावणं फोटो बघून येत्यात, तुमचं शास्त्र बघून न्हवं. तुमास्नी जमत नसंल तर दुसरं कोन तरी जाईल."

सम्राटचा एक पाय तोवर होडीत होता.

होडी गुंडूच्या हाती होती. मूळचा चंदगडचा, पण किनाऱ्यावर मुरलेला. खडक वर दिसत नाही. लाट जिथे विनाकारण फुटते तिथे तो असतो. त्या दिवशी मात्र सगळीकडेच लाटा फुटत होत्या! होडी दोनदा त्याच्यावरून गेली तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा गुंडू ओरडला, "ह्यो बघा काळा!" आणि नांगर टाकला.

सम्राट कॅमेरा मनगटाला बांधून काठावर बसला. त्याला उडी मारायची घाई, वर यायची त्याहून घाई. सरावातही तो शेवटच्या टप्प्यावर थांबत नसे, सरळ सुटायचा. संयोगिताने त्याचे पट्टे तपासले.

"वर येताना पाच मीटरवर थांबायचं. अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जाऊ दे."

"ठावं हाय की!"

"ठावं हाय म्हणतोस आन् सुटतोस. आज पाच मीटरवर दम धर जरा!"

"धरतो की!" तो हसला आणि पाठमोरा पाण्यात पडला.

खाली प्रवाह आडवा होता. नांगराचा दोर धरून हातावर हात टाकत ते उतरले. हिरवं पाणी गढूळ झालं, मग एकाएकी निवळलं. खडकाच्या कडेला जुनं जाळं लोंबत होतं. ते संयोगिताच्या सिलिंडरला अडकलं. ती स्थिर राहिली. सम्राटने सुरी काढली, न गडबडता एकेक धागा कापला. चांगला गाइड झाला असता तो. त्या क्षणी तिला खात्रीच पटली.

आणि कपारीखाली वळल्यावर तिने श्वास सोडला तो सोडतच राहिली. नारिंगी, जांभळं, पिवळं पोवळं! त्याच्या बोटाएवढ्या मऊ फांद्या पाण्याच्या हेलकाव्याबरोबर वाकत होत्या, आणि त्यांच्यामधून चंदेरी माशांचा थवा असा निवांत फिरत होता, जणू माणूस नावाचा प्राणी त्याने अजून पाहिलाच नव्हता. सम्राट फोटो काढत राहिला. अखेर तिने वर जायची खूण केली.

पाच मीटरवर तो थांबला. अगदी शहाण्यासारखा, दोर धरून. संयोगिताला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, त्याच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते.

तिने जोरात खूण केली. श्वास! त्याने अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवलं. सगळं ठीक! छाती फुगलेली, डोळ्यांत तालमीतली जुनी मिजास.

दम धर!

तिने झेप घेतली. त्याच वेळी लाटेचा मोठा फुगवटा आला. दोर सुटला. सम्राट वर उचलला गेला! तिने त्याचं मनगट पकडलं, कॅमेऱ्याचा पट्टा तुटून तिच्या हातात आला, कॅमेरा खाली गेला. सम्राट गेला वर.

ती पोचली तेव्हा तो पाण्यावर होता. ओठांवर गुलाबी फेस.

"गुंडू! ऑक्सिजन!"

मास्क लावताना त्याच्या गळ्यावर तिचं बोट टेकलं. कातडीखाली कुरकुर वाजलं. फाटलेल्या फुप्फुसातून निसटलेली हवा.

"तूच म्हनलीस की..." त्याचा आवाज बारीक, चिरका झाला होता. "पाच मीटरवर... दम धर."

गुंडूने लाटा कापत होडी किनाऱ्याला घातली. फोनवर आई, बाळाबाई, रडत होती, "कोल्हापूरला आना त्येला, हितं मोठं डाक्टर हायती." पण छातीत हवा अडकलेली असताना घाट चढायचा म्हणजे पुन्हा वर जाणंच होतं; तिथे हवेचा दाब उतरतो. संयोगिता ठाम राहिली. किनाऱ्यावरच्या इस्पितळात छातीत नळी घातली. सम्राट वाचला. डॉक्टर म्हणाले, "पाण्याखाली आता कधीच नाही."

विजयसिंह फळं घेऊन आले. तब्येतीची चौकशी झाली, मग आवाज खाली आला. "कॅमेरा गेला, जाऊ दे. खाली हाय का काय?"

संयोगिताच्या डोळ्यांसमोर त्या जाळ्यावर, त्या फुगवट्यावर होड्या भरभरून उतरणारी माणसं आली. ती काही बोलणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"काय बी न्हाय," सम्राट म्हणाला. "नुसता दगूड हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बऱ्याच दिवसांनी घाट चढून ते कागलला आले. सम्राट लंगडत ओसरी चढला आणि चहासाठी हाक मारली.

"आलेच!" आतून बाळाबाई म्हणाली. "दम धर की रं जरा!"

सम्राटने छातीवर हात ठेवला, सावकाश श्वास घेतला आणि सावकाश सोडला, संयोगिताने शिकवला होता तसा.