नांदूरघाटच्या नळ्या

उघडं

पौर्णिमाचं सगळं काम एका भोकावर चालायचं. प्लॅस्टिकच्या कपाला पाडलेलं, केसाइतकं बारीक भोक. त्यावर चरबीचा पातळ पडदा ताणायचा, दोन्ही अंगांना खारं पाणी भरायचं आणि पडद्यात एक प्रथिन सोडायचं. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या बारक्या गिरण्या असतात, मायटोकाँड्रिया. हे प्रथिन म्हणजे त्यांच्या बाहेरच्या भिंतीतलं दार. दार उघडलं की पडद्यातून वीज वाहते आणि संगणकावरची रेघ वर चढते. मिटलं की रेघ खाली बसते. ही दारं बिघडली की माणूस बिघडतो. स्नायू गळतात, पापण्या पडतात, कुठे गाठी वाढतात.

पडदा मात्र भलता नाजूक. खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तरी फुटायचा. मग ती पुन्हा ताणायची. ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घालायची नाही. तिची आई आणि बाप अशाच ट्रॅक्टरवर बसून वर्षानुवर्षं ऊस तोडायला गेले होते.

प्रयोगशाळा केजमधल्या एका खासगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. दवाखाना डॉ. रविराज यांचा. वडील अर्जुनराव राजकारणातले, मुलगा सर्जन. हात इतका हलका की बायका सांगायच्या, टाका कळतसुद्धा नाही. आता पन्नाशीला आल्यावर त्यांना परदेशी मासिकात नाव छापून आणायचं होतं. गर्भाशयातल्या गाठी आणि ही दारं यांचा संबंध दाखवायचा होता. हैदराबादेत पीएचडी केलेली पौर्णिमा नांदूरघाटला आईपाशी परत आलेली त्यांना कळलं आणि त्यांनी तिला गाडी पाठवून बोलावून घेतलं.

"मशिनी मी आणतो, नमुने फ्रीझरात आहेत," ते म्हणाले. "इतके नमुने पुण्यात कुणाकडे नसतील."

खरंच नव्हते. फ्रीझरमध्ये बर्फात रोवलेल्या नळ्याच नळ्या होत्या, आत ऑपरेशनात काढलेल्या गर्भाशयांचे तुकडे. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि खाली 'रोगी'. बाईचं नाव कुठेच नाही. तुलनेसाठी लागणारा 'निरोगी' नमुना एकच होता, डॉक्टरांच्या स्वतःच्या रक्ताचा.

"तालुक्यात माझ्याइतका धडधाकट माणूस दुसरा कोण आहे?" ते हसून म्हणाले होते.

बंद

विजेचा दाब वाढवला की निरोगी दार आपोआप मिटतं. रोगी दारानं अडकायला हवं, चुकायला हवं. पौर्णिमानं तेलगावची नळी काढली. दार वेळच्या वेळी मिटलं. दुसऱ्या गावाची काढली. मिटलं. मग नांदूरघाटच्या नळ्या काढल्या, सगळ्या एकत्र केल्या आणि एका कपात सोडल्या. रेघ पुस्तकात छापावी इतकी सरळ चढली आणि सरळ उतरली.

तिनं सरांना दाखवलं.

"यात रोग नाही, सर."

"मग तुझ्या हातात काहीतरी चुकतंय."

"सगळ्या नळ्यांत चुकेल?"

"चुकेल. शीक जरा." ते संगणकाकडे न बघताच खाली गेले.

तिला लहानपणी पाहिलेली ती जीप आठवली. हंगामाच्या आधी ऊसतोडीचा मुकादम टोळीतल्या बायकांना दाटीवाटीनं बसवून केजला, याच दवाखान्यात न्यायचा. पाळी आली की बाई उसाच्या फडात बसते, कामाचा खाडा होतो, टोळीचं काम मागं पडतं. पोट दुखतं म्हणायचा अवकाश, दवाखान्यात सांगायचे, गर्भाची पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, आणि काढून टाकायचे. तिची आई, मुक्ताबाई, त्या जीपमध्ये होती. शेजारची बायनाबाई होती, केशरबाई होती. आई तेव्हा आज पौर्णिमा आहे त्याहूनही लहान होती. परत आली ती म्हातारी होऊन. हाडं दुखायची, अंगातून वाफा निघायच्या, उठताना भिंत धरावी लागायची. तरी म्हणायची, "डाक्टरनं जीव वाचिवला बाई."

समोरची रेघ वर चढली, खाली उतरली. अगदी निरोगी.

उघडं

तुलना तर करायलाच हवी होती. तिनं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा कप मांडला आणि त्यात सरांचं प्रथिन सोडलं. दोन कप, दोन पडदे, दोन वेगळी यंत्रं, दाब दोन्हीकडे सारखाच, दोन रेघा.

नांदूरघाट वर. निरोगी खाली.

वायरी बदलल्या. नांदूरघाट वर. निरोगी खाली.

बाहेरच्या विजेची बाधा नको म्हणून दोन्ही कपांवर पत्र्याचे डबे पालथे घातले. नांदूरघाट वर. निरोगी खाली.

सरांचा कप उचलून जिन्यापलीकडच्या खोलीत नेला, वेगळ्या बॅटरीवर चालवला. दार लावून घेतलं. परत येऊन दोन्ही रेघा जुळवून पाहिल्या.

नांदूरघाट वर. निरोगी खाली.

खालून ट्रॅक्टर गेला. काचा थरथरल्या. पडदा फुटला नाही. त्यानंतर तो फुटलाच नाही.

बंद

"झोप होत नाही का सर?" नर्स रूपालीनं एका सकाळी विचारलं. डॉक्टरांची डावी पापणी निम्म्यावर आली होती.

"वय झालं म्हण की सरळ."

पुढे उजवीही उतरली. समोरचं बघायला ते मान मागं टाकायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं साहेबांचा तोरा वाढला. मग केस विंचरायला हात वर जाईना. एका ऑपरेशनमध्ये कात्री बोटांतून निसटली. लातूरहून, पुण्याहून तपासण्या करून आले. स्नायूंच्या पेशींना ऊर्जा मिळत नाही, एवढंच सगळे सांगत. का मिळत नाही, ते कुणालाच सांगता येईना.

त्याच सुमारास आईचा फोन आला.

"पौर्णे, पान्याचा हंडा आज मी एकलीनं उचलला."

"कावून उचलला? कंबर धरली म्हंजे?"

"न्हाई धरली. तेच तर सांगायले. लई हलकं वाटायलंय. बायना तर सकाळच्या पारी नाचायली, म्हणली गुडघा गेला कुठं माझा."

फोन ठेवल्यावर पौर्णिमानं समोर पाहिलं. एक रेघ वर होती. एक खाली.

अर्धं

एकदा घडलं तर योगायोग. ती शिकली होती तसंच तिनं केलं.

नांदूरघाटच्या कपाचा दाब वाढवला आणि दारं मिटवून ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जिना चढून वर आले. पापण्या उघड्या, आवाज मोकळा. "दुखणं उतरलं बघ माझं," म्हणाले आणि चहा मागवला. नांदूरघाटला आई अंथरुणाला खिळली होती. शेजारून बायनाबाई फोनवर सांगत होती, "तुझ्या मायला कूस बदलता येईना गं. मलाबी भाकर थापवंना."

पौर्णिमानं दाब काढला. दोन दिवसांनी आई विहारात झाडलोट करून आली. डॉक्टरांना खुर्चीतून उठवायला दोघं लागले.

तिनं ते आणखी एकदा केलं. आईला आणखी एकदा निजवलं. शास्त्र म्हणून केलं, असं ती स्वतःला सांगत होती. पण त्या रात्री आई फोनवर कण्हत असताना तिनं दातांखाली ओठ धरला तो रक्त येईपर्यंत सोडला नाही. मग दाब काढला. पुन्हा कधी लावायचा नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

बंद

दुपारी दवाखाना रिकामा असताना रूपालीनं डॉक्टरांना धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं आणि ती खाली गेली. डॉक्टरांनी एका बोटानं उजवी पापणी वर उचलून धरली. त्या फटीतून ते दोन्ही कपांकडे बघत राहिले.

"हा माझा?"

"हो."

"आणि तो?"

"नांदूरघाटचा."

"मी खाली बसून सगळं टिपत होतो. तू तिकडे काही केलं की मला कळतं. छातीत कळतं." त्यांना दम लागला. "हे कसं होतंय, मला माहीत नाही. तुला?"

"नाही सर."

"तो कप ओतून दे. फ्रीझरही रिकामा कर."

पौर्णिमानं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"कोणता रोग होता सर त्या बायकांना?"

"जुनं काढू नको."

"तुम्हीच जपून ठेवलंय. कोणता रोग?"

खाली कुणीतरी शटर ओढलं. डॉक्टरांची पापणी बोटातून निसटली, त्यांनी ती पुन्हा उचलली.

"मुकादम आणायचे. टोळीच्या टोळी. बायकाच म्हणायच्या, काढून टाका, कटकट जाईल."

"कॅन्सर होईल, असं आधी त्यांना कोण सांगायचं?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"माझी आई मुक्ताबाई. नांदूरघाटची. तिला काय होतं?"

"आता कसं आठवेल?" मग अगदी हळू, "कुणालाच काही नव्हतं. मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं. झालं समाधान? आता ओत तो कप."

हेच तिला ऐकायचं होतं. महिनोन्महिने हेच. ऐकल्यावर राग निवेल, असं वाटलं होतं. राग निवला नाही. तो थंड झाला, फ्रीझरमधल्या नळीसारखा, आणि टिकाऊ झाला.

ती उठली.

नांदूरघाटचा कप तिनं उचलला. डॉक्टरांचा श्वास मोकळा झाल्याचं तिला ऐकू आलं.

खिडकीतून थेट ऊन पडत होतं. तिनं कप उन्हातून काढून सावलीत ठेवला.

मग दुसऱ्या कपापाशी आली.

"पौर्णिमा."

तिनं दाबाचं बटण धरलं.

"पौर्णिमा, मी लेकीच्या वयाची समजून तुला..."

फिरवलं.

खालची रेघ आणखी खाली गेली.

फिरवलं.

रेघ तळाला टेकली. पुन्हा हलली नाही.

डॉक्टरांचं बोट पापणीवरून घसरलं आणि हात मांडीवर येऊन पडला. ते ताठ बसले होते. चेहरा तिच्याकडे होता. खोलीभर ऊन होतं.

"लाईट गेली का?" त्यांनी विचारलं.

तिनं बटणावरचा हात काढला.

"लाईट गेली का गं?"

उघडं

त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. श्वासाला यंत्र लावलं. डोळे उघडलेच नाहीत, पण मेंदू जागा आहे, ऐकू येतंय, असं तिथले डॉक्टर म्हणाले. असं किती वर्षं राहतील, ते मात्र सांगता येणार नाही म्हणाले.

पौर्णिमानं प्रयोगशाळेला कुलूप लावलं. यंत्रं चालू ठेवली. स्टँडवरून नांदूरघाटची जीप धरली. जीपमध्ये जागा नव्हती. मागं उभी राहून गेली. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची रानं होती, पऱ्हाट्या उभ्या.

वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली बायका बसल्या होत्या. सगळ्या त्या जीपमधल्याच. हसणं चाललं होतं. केशरबाईनं कुणाची तरी नक्कल केली आणि बायनाबाई पोट धरून मागं रेलली. कुणी भिंतीला टेकून बसलं नव्हतं. मुक्ताबाई तिला बघून उठली, हात न टेकता, आणि चालत सामोरी आली. चेहऱ्यावर तेज होतं. केसांच्या मुळांशी काळं दिसत होतं.

"जेवलीस का?"

"जेवते आता. तू कशी आहेस?"

"मला काय झालंय?" मुक्ताबाईनं मागं वळून बायकांकडे पाहिलं. मग लेकीचा दंड धरून तिला जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"पौर्णे, तुझ्या पिशवीत पॅड हाय का एखादं?"

पौर्णिमानं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आज सकाळपासून मला सुरू झालंय," मुक्ताबाई म्हणाली. "बायनाला आन केशरला तर कालपासून. दुकानातून जास्तच आण. तेलगावची बायडाबाई फोन करून विचारायली, तुमच्याकडंबी हेच हाय का म्हणून."