फोनमधला योसेफ

"हलू नका!" मी ओरडले.

दारातला उंच माणूस जागच्या जागी थिजला. हातात रंगखडूंचा डबा, केसांवर पावसाचे थेंब... चॅपेलमध्ये मी मुलांचा नाताळच्या चित्रांचा वर्ग घेत होते आणि गोठ्यातल्या बाळाचा बाप योसेफ म्हणून उभा राहणारा रिक्षावाला ऐन वेळी तापाने झोपला होता. मी त्या माणसाच्या हातात झाडू दिला. "ही तुमची काठी. आता तुम्ही योसेफ."

"अहो, मी फक्त पुतणीचे खडू द्यायला आलोय!"

"योसेफ एवढं बोलत नसे."

मुलं खिदळली. त्याची पुतणी जिंगजिंग तर हसून हसून जमिनीवर लोळायची बाकी होती.

तो रेनान. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. तिसऱ्या दिवशी केळीच्या पानात गरम बिबिंका, आमचा नाताळातला तांदळाचा केक, घेऊन आला. मी हात पुढे केला, तर तो बिबिंका द्यायचंच विसरला.

"मनगटावर तीळ आहे तुमच्या, सेली."

"जन्मापासून आहे. द्या आता, भूक लागलीय."

"योसेफला दाढी हवी ना? वाढवू?"

"वाढवा. तेवढंच तोंड झाकेल."

"मग तुम्ही दिवसभर बघाल काय?"

मी पेन्सिलीला टोक करू लागले. टोक आधीच होतं.

आणि त्याच दिवशी तो सहज म्हणाला, "नाताळ झाला की जहाजावर चढायचंय. नऊ महिने."

आमच्या इलोइलो बंदरात घराघरांत कुणी ना कुणी जहाजावर असतं. माझे बाबाही जहाजावर स्वयंपाकी होते. वर्षातून एकदा चॉकलेटं घेऊन पाहुण्यासारखे यायचे आणि मी आईच्या मागे लपायचे. तेव्हाच ठरवलं होतं, दर्यावर्दी नवरा नको. आणि मन जडलं ते नेमकं याच्यावर! मला माझाच राग आला.

"सेली... थांबाल माझ्यासाठी?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने झाडू हळूच कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

मुलांनी आपापल्या मनाने चित्रं पुरी केली. गोठ्यात बैलाच्या जागी रेडा आला. बाळासाठी दुरून भेटी आणणाऱ्या तिन्ही राजांच्या डोक्यावर दोरीने आवळलेले भलेमोठे खोके आले... परदेशातून येणारा माणूस रिकाम्या हाताने कसा येईल? जिंगजिंगच्या चित्रात मात्र योसेफच नव्हता. गवतावर एक फोन पडला होता आणि फोनमध्ये दाढीवाला हसरा चेहरा.

"अगं, योसेफ बाळाजवळ हवा ना?"

"जवळच आहे की, नांग!" ती म्हणाली. इथली सगळी मुलं मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी मला नांग म्हणतात. "माझे बाबा जहाजावरून रोज मला गोष्ट सांगतात. माझा दात पडला ना, ते आईच्या आधी त्यांना कळलं." मग तिचा चेहरा पडला. "पण फोन मरियाने धरायला हवा ना, बाळाच्या आईने. मला हात काढता येत नाहीत. तुम्ही काढा ना, नांग!"

माझ्या लहानपणी असा फोन नव्हता. माझे किती दात पडले, बाबांना पत्ताही नसायचा. मी दूर गेलेल्या बाबांवर रुसले होते, की त्यांना काहीच कळत नाही यावर? मला हसू आलं, रडूही आलं. मी पेन्सिल उचलली.

नाताळच्या आदल्या दुपारी चॅपेलच्या भिंतीवर चित्रं लागली. जिंगजिंग काकाला ओढतच घेऊन आली. तिच्या चित्रासमोर तो थबकला, वाकून पाहू लागला. दाढी चांगलीच वाढली होती.

"मरियाच्या मनगटावर तीळ?"

"जिंगजिंगला हात जमत नाहीत. मी काढला."

"तीळसुद्धा?"

"तीळसुद्धा."

तो वळला. "सेली, मी त्या दिवशी विचारलं होतं, त्याचं उत्तर—"

"फोन धरलाय ना मी? दिसत नाही का? पण रोज करायचा. समुद्रात रेंज नव्हती म्हणालास, तर बघ!"

"रेंज असेल त्या कठड्यावर जाऊन उभा राहीन..." त्याने माझं मनगट हातात घेतलं. अंगठा नेमका तिळावर टेकवला.

"हलू नका!" खाली बसलेली जिंगजिंग ओरडली आणि खडूंचा डबा शोधू लागली.