उलट्या वळणाची घुंडी

दुबईच्या देरा भागातल्या त्या छोट्या ऑफिसात याकूब परकार आला, तेव्हा सूर्यकांत केळुसकर चहा गाळत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून बायकोची गाडी चालवणं आणि तिच्या अशिलांना चहा देणं, ही दोन कामं त्यांनी आपणहून पत्करली होती. अनुराधाबाई विमा कंपन्यांसाठी चौकशा करत. कधीमधी असा एखादा अडलेला माणूसही यायचा.

याकूब दापोलीचा. जुनी वस्त्रं दुरुस्त करण्यात हातखंडा. धो गलबतांच्या बंदराजवळ इब्राहिमसेठ मुकादमांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, तिथं तो बारा वर्षं होता. सेठ मागच्या वर्षी वारले. दुकानातला बिदरचा पाचशे वर्षांपूर्वीचा अंगरखा त्यांच्या बेगम शहरबानू यांनी आता शारजातल्या एका खासगी संग्रहालयाला विकला होता. काल सकाळी पाहतात तो त्याच्या छातीवरची एक घुंडी, जरीच्या गाठीचं बटण, नाही. कपाटाला कुलूप तसंच. किल्ल्या दोनच, एक शहरबानूंकडे, एक याकूबकडे.

"उद्या संग्रहालयवाले पोलिसात जाणार, मॅडम. मग व्हिसा खलास."

सूर्यकांतांनी गाडी काढली.

दुकानात संग्रहालयाची दर्शना सबनीस होती. पुण्याची, तरुण, बोलायला सडेतोड. तिनं अंगरखा उलगडून दाखवला. कडेला बारीक मोत्यांचा गोट, छातीवर जरीच्या गाठींची ओळ आणि समोर त्यांचे फासे. त्या काळी अशा घुंड्या पुष्कळदा नुसत्या मिरवायला असत, ती म्हणाली. युरोपातसुद्धा बटणं आधी शोभेला आली आणि काजं मागाहून. या अंगरख्याचा भार आतले बंद पेलतात.

"झिजून पडली असेल," सूर्यकांत म्हणाले.

"जिच्यावर ओढच नाही, ती झिजेल कशी?" अनुराधाबाईंनी भिंग लावलं. कापडाला ओरखडा नव्हता. दोरा कातरीनं अलगद कापलेला. बाकीच्या घुंड्यांचा रेशमी दोरा काळवंडलेला, इथला उरलेला तुकडा मात्र गुळगुळीत, चकचकीत होता.

दर्शनानं परवा काढलेले फोटो पुढे केले. नेमकी हीच घुंडी तिला सगळ्यांत मोलाची वाटत होती, कारण हिचं वळण बाकीच्यांच्या उलट होतं. दुसऱ्या कारागिराचा हात असावा. तिचा दोरा तपासायला पाठवायचं ठरलं होतं, आणि हे तिनं परवाच इथं सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

याकूबनं आपली कातर, सुया, सगळी पेटी उघडून दाखवली. विचारलं तेवढंच बोलला.

शहरबानू गल्ल्यामागे बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर सेठांचा एक फोटो होता. दुकानाच्या पायरीवर बसून सेठ मोती ओवताहेत, उजव्या हातात दोरा, डाव्या हातात सुई. शहरबानूंनी अंगरख्याकडे एकदाही मान वळवली नाही. "याकूबनं नाही घेतली," एवढं मात्र त्या ठामपणे म्हणाल्या.

अनुराधाबाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं.

"पैशासाठी चोरी असती तर मोती गेले असते. याकूबनं घेतली असती, तर त्यानं जागेवर दुसरी अशी बसवली असती की कुणाला पत्ता लागला नसता. दर्शनाला ती अंगरख्याबरोबर मिळणारच होती. हा दोरा पाचशे वर्षं जुना नाही, म्हणजे ती घुंडी मूळची नव्हती. वळण उलटं, म्हणजे करणारा डावखुरा, त्या फोटोतल्या सेठांसारखा. आणि चाची, याकूबनं घेतली नाही हे इतक्या खात्रीनं एकाच माणसाला माहीत असेल."

शहरबानूंनी मूठ उघडली. जरीची गाठ घामानं ओलसर झाली होती.

मूळची घुंडी हरवलेलीच होती, त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सेठांनी त्यांच्या ओढणीची जर उसवून ही वळली होती, इथंच, पंख्याखाली. चार वेळा चुकली तेव्हा दोघं हसली होती. तपासणीत ती नवी निघाली की लोक सेठांना लबाड म्हणतील, या भीतीनं त्यांनी ती कापली. पोलिसांचं त्यांच्या कानावर आज सकाळी आलं, पण कबूल करायचा धीर होत नव्हता.

"त्यांचे कपडे मी वाटून टाकले," त्या म्हणाल्या. "आवाज तर आता नीट आठवतही नाही. त्यांच्या हातचं म्हणून हे राहिलं."

सूर्यकांतांनी बायकोकडे पाहिलं. तिनं चष्मा काढून ठेवला होता.

दर्शनानं फोटो आवरले. मग म्हणाली, दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे. संग्रहालयात तसं लिहिता येईल, सेठांच्या नावानिशी. पण मग घुंडी जागेवर हवी. पोलिसांचं ती आपल्या साहेबांना फोन करून थांबवणार होती.

शहरबानू उठून याकूबपाशी गेल्या. "माफ कर, बेटा."

याकूबनं मान खाली घातली. राग गेला होता असं नाही, पण त्यानं सुई काढली आणि हात पुढे केला.

शहरबानूंनी मूठ पुन्हा मिटली.

"उद्या लाव," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस राहू दे माझ्याकडे."