नव्या वाळूतला खुंट

सोपानला पुन्हा पाण्यात उतरवायचं, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही चौघं त्या रविवारी कळंबहून नीरेच्या काठाकाठानं निघालो. साल चोपन्न असावं, पंचावन्नही असेल. दसरा होऊन गेला होता आणि ऊन पुन्हा चटका देऊ लागलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं.

गावातली रीत अशी होती. पावसाळ्यात नीरा फुगली की मधल्या बेटावर नवी वाळू पसरे आणि जुन्या हद्दी पुसून जात. पाणी उतरलं की ठरलेल्या सोमवारी गाव काठावर जमे. घरटी एक माणूस बाभळीचा खुंट घेऊन पोहत बेटावर जाई आणि आपल्या हातानं तो वाळूत रोवी. जिथं खुंट, तिथं त्या वर्षी त्या घराची कलिंगडं. खुंट दुसऱ्या घरच्या माणसाबरोबर पाठवायची सोय नव्हती. ज्याला नदी ओलांडता येत नाही तो पलीकडची कलिंगडाची वाडी राखणार कशी, असा त्यामागचा विचार असावा.

सोपानला नदी ओलांडता येईनाशी झाली होती. वैशाखात कलिंगडं आणताना तो डोहातल्या भोवऱ्यात सापडला आणि बराच वेळ पाण्याखाली राहिला. वाचला; पण तेव्हापासून घोटाभर पाण्यातही पाय घालीना. भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या. त्याच्या वाट्याला आलेल्या माळावर हुलग्याशिवाय काही येत नसे. त्याचं घर चालायचं ते बेटावरच्या वाळूवर. आणि खुंट रोवायचा सोमवार दुसऱ्याच दिवसावर आला होता.

मला बरोबर नेण्याचं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. मला पोहता येत नव्हतं, हेच ते कारण. वालचंदनगरच्या वसाहतीत मी वाचनालय सांभाळत असे. सोपानचा थोरला भाऊ सावळाराम वसाहतीत वांगी-गवार घेऊन येई आणि टोपली रिकामी झाली की माझ्या दारात विडी ओढत बसे. एकदा त्यानं विचारलं, पोहता येतं का. मी नाही म्हणालो, तर त्याचा चेहरा खुलला.

"मग तुमीच पायजे," तो म्हणाला. "सोप्याला एकट्याला लाज वाटती. दोघं कच्चे असलं म्हंजे लाज वाटून घ्याया बरी."

चौथी होती सोपानची बायको रतन. सावळारामला ती यायला नको होती, पण तिनं भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सरळ चालू लागली. थोरल्या दिराशी ती समोरासमोर बोलत नसे. त्याला ऐकवायचं असलं की ती माझ्याकडे बघून बोले, त्यामुळे त्या दिवशी पुष्कळ बोलणी मी खाल्ली.

गावाच्या नजरेआड, म्हणून सावळारामनं खालच्या अंगाची वाट धरली. तिथं काठाला करंज, जांभूळ आणि उंबर यांची अशी दाट राई होती की आत शिरताच दुपारची संध्याकाळ व्हावी. पुरानं फांद्यांत अडकवलेला कचरा डोक्यावर लोंबत होता. खाली रेंदा, वर वेलींच्या गुंतवळी, आणि कुठून तरी सतत पाणी ठिबकल्याचा आवाज. अरण्यांविषयी मी वाचलं बरंच होतं. आत शिरल्यावर त्यातलं काही आठवेना. एका जागी माझा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. सावळारामनं काखेत हात घालून मला उपटलं, तेव्हा एक वहाण आत राहिली. पुढं ओल्या गाळात काहीतरी जड फरफटत गेल्याची ताजी खूण दिसली.

"घोरपड," सावळाराम लगेच म्हणाला.

"मास्तर," रतन मला म्हणाली, "एवढी घोरपड तुमच्या पुस्तकात तरी हाय का?"

सोपान थांबला. आपण परत जाऊ, असं तो हळूच म्हणाला. पण सावळारामनं ऐकलंच नाही असं दाखवून फांद्या बाजूला केल्या आणि समोर एकदम नदी उघडली.

उन्हात ती हिरवी, संथ दिसत होती. मध्ये बेटाचं खालचं टोक, आणि त्यावर पांढरीशुभ्र नवी वाळू. एवढ्या स्वच्छ जागेत कुणाचं वाईट होईल असं वाटलं नाही.

सावळारामनं घरच्या आढ्याला टांगलेले चार वाळके भोपळे आणले होते. चुलीच्या धुरानं ते काळेकुट्ट झाले होते. दोन भोपळे दोरीनं जोडून छातीशी बांधले की माणूस बुडत नाही. एक जोडी त्यानं मला बांधली, एक सोपानला. स्वतःला आणि रतनला त्यांची गरज नव्हती. तिनं गाठोडं डोक्याला घट्ट बांधलं, कासोटा खोचला आणि ती बिनआवाज पाण्यात शिरली.

सोपान काठावर उभाच. सावळारामनं समजावलं, थट्टा केली, शेवटी आवाज चढवला. त्याचा उपयोग झाला नाही. मग मी, का ते मला अजून कळलेलं नाही, एकटाच पाण्यात उतरलो, तोल गेला आणि भोपळ्यांवर आडवा होऊन बदकासारखा गरगर फिरू लागलो. सोपान हसला. कित्येक महिन्यांत हसला नव्हता, असं रतन मागाहून म्हणाली. आणि तो उतरला. गुडघा, कंबर, छाती. डोळे मिटून, दात चावत, रतनच्या आवाजाच्या रोखानं तो हातपाय मारीत राहिला आणि बेटाला लागला!

ती दुपार सुखाची होती. वाळू पायाखाली गरम लागत होती. आम्ही भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला. सोपाननं एक काटकी घेऊन वाळूत रोवून पाहिली, मग हळूच उपटून फेकून दिली. उद्याचं काम झालंच म्हणून सावळाराम वाळूत उताणा पडला. पश्चिमेला, लोणी भापकरच्या अंगाला आभाळ काळं दिसत होतं, पण ते इतकं लांब होतं, आणि आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन!

आम्हा तिघांचंही नदीकडे लक्ष नव्हतं. सोपानचं होतं. पाण्यावरची त्याची नजर हटतच नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "पाण्याचा रंग बदलला."

आम्ही वळलो. काठालगतचं हिरवं पाणी मातकट झालं होतं. त्यावर फेसाचे पुंजके आणि वाळका पाला वाहत येत होता. सावळाराम ताडकन उठला. लांब कुठंतरी वळवासारखा पाऊस कोसळला होता. कऱ्हेचा लोंढा सोनगावपाशी नीरेत उतरला होता आणि आता आमच्यापर्यंत पोचत होता. बघता बघता, आम्ही जेवलो ती जागा ओली झाली. मग ती दिसेनाशीच झाली.

"भोपळं बांधा," सावळाराम म्हणाला.

मी माझी जोडी उचलली. एका भोपळ्याचं वजन वेगळंच लागलं. हलवला, तर आत पाणी डचमळलं. रतननं तो माझ्या हातून घेतला आणि देठाजवळच्या काजळीत नख खुपसलं, तसा ओला लगदा गळून पडला. खाली अंगठा जाईल एवढं भोक होतं.

"भावजी, ह्यो बियाचा भोपळा हाय," ती म्हणाली. या वेळी ती माझ्याकडे बघून बोलली नाही.

माळव्याच्या, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या घरात बी भोपळ्यात ठेवतात. भोक पाडून बी भरायचं, शेणाराखेचा बुच्चा बसवायचा आणि भोपळा धुरात टांगायचा. बी काढून घेतलं तरी उंदीर शिरू नयेत म्हणून रिकाम्या भोपळ्याला पुन्हा बुच्चा. पोहायचे भोपळेही त्याच आढ्याला टांगलेले. काजळीनं सगळे सारखेच काळे. सावळारामनं चाचपून न बघता चार ओढून काढले होते. येताना बुच्चा भिजला होता. आता त्याचा लगदा झाला होता.

एका भोपळ्यावर मी तरणार नव्हतो आणि त्या पाण्यात बिनभोपळ्याच्या माणसाला ओढून नेणं कुणालाच जमलं नसतं. भोपळे तीन उरले होते आणि पोहता न येणारी माणसं दोन.

मी म्हणालो की मी बेटाच्या उंच भागावर थांबतो, पाणी उतरेल. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. त्या उंच भागाची रुंदी एव्हाना अंगणाएवढी राहिली होती.

सोपाननं आपल्या छातीवरची दोरी सोडायला घेतली. भिजून फुगलेली गाठ सुटेना. रतननं ती दातांनी सोडवली.

"ह्यो मास्तरांना बांध," तो तिला म्हणाला.

"आणि तुमी?"

"मला येक बास. मला पवाया येतं." जरा थांबून तो म्हणाला, "येत हुतं."

वेळ नव्हता. सावळारामनं आम्हाला बेटाच्या वरच्या टोकाला नेलं. सरळ जायचं नाही, पाण्याबरोबर तिरकं सुटायचं आणि वळणावरची वाळुंजाची झुडपं गाठायची, असं त्यानं बजावलं. माझ्या भोपळ्यांची दोरी त्यानं आपल्या मनगटाला गुंडाळली.

आम्ही उतरलो. पाण्यानं आम्हाला उचललं!

तोंडात माती. डोळ्यांत माती. सावळारामचं डोकं दिसे, बुडे, पुन्हा दिसे. दोरीला हिसका बसला की मला कळे, तो अजून आहे. डावीकडे सोपान होता. एका भोपळ्याला कवटाळून, मान उंच करून, तो पाय मारत होता. त्याच्यामागं रतन. काठ जवळ येत होता. आला, आलाच!

तेवढ्यात वरून उपटलेली बाभूळ आली. सगळे काटे बाहेर काढून, लोळत, गरगरत. सावळारामनं मला मागं खेचलं. रतननं बुडी मारली. झाड आमच्या आणि सोपानच्या मधून गेलं, आणि ते गेल्यावर तिथं सोपान नव्हता. नुसतं पाणी होतं!

आम्ही वाळुंजाला लागलो तेव्हा रतन आधीच काठावर होती. लुगडं फाटलेलं, खांद्यावर रक्त. ती आमच्यासाठी थांबली नाही. त्या राईत, त्या रेंद्यात, वेली हातानं तोडत ती नदीबरोबर पळत सुटली. आम्ही तिच्यामागं. ती हाका मारत नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटलं. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती, आणि दुसरी कोणती हाक त्या आवाजातून त्याच्यापर्यंत पोचणार होती? शेवटी सावळारामच ओरडू लागला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज रडका झाला.

सोपान सापडला तो बराच खाली, एका उंबराच्या मुळ्यांत दोन्ही हात अडकवून पडलेला. पाय अजून पाण्यात. भोपळा नव्हता. काट्यांनी पाठ फाटली होती. आम्ही त्याला ओढून वर घेतलं, पालथं केलं, तेव्हा पुष्कळ गढूळ पाणी बाहेर पडलं. नंतर कितीतरी वेळ तो नुसता थरथरत राहिला. रतन त्याच्या पाठीतले काटे काढत बसली.

सावळाराम मात्र आता उड्या मारायच्या बेतात होता. भोपळा कधी सुटला, असं त्यानं विचारलं. झाडाचा धक्का बसला तेव्हाच, असं सोपाननं सांगितलं. म्हणजे तिथून पुढं तो भोपळ्याशिवायच पोहला होता! पुरात! सावळारामनं माझ्या पाठीवर थाप मारली. आता उद्याची चिंताच नको, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

"दादा," सोपान म्हणाला, "मी उद्या उतरणार न्हाय."

"आरं, आत्ता तर आलास की!"

"आलो. जाया दुसरी वाटच नव्हती." तो उठून बसला. "भ्या गेलं न्हाय, दादा. ते हाय तसंच हाय. उद्या परवा जाईल म्हणून मी वाट बघत हुतो. आता न्हाय बघत." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. "खुंट हिनं रोवावा."

सावळारामनं पुष्कळ विरोध केला. खुंट गडीमाणूस रोवतो, गाव काय म्हणेल, घराण्याचं काय राहील. सोपान खाली मान घालून सगळं ऐकत होता. एवढं ओशाळलेलं आणि तरीही एवढं ठाम माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रतननं एक काटा काढला, उजेडात धरून बघितला आणि टाकून दिला.

"मास्तर," ती मला म्हणाली, "घरटी येक माणूस, आसंच म्हणत्यात ना? का बाई माणसात न्हाय, आसं कुठं लिवलंय?"

मी म्हणालो की माझ्या तरी वाचनात नाही. सावळारामनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

रात्रीतून पाणी ओसरलं. सोमवारी गाव काठावर जमलं तेव्हा नदी गढूळ होती, पण बेट पुन्हा वर आलं होतं. सोपानचं नाव पुकारलं गेलं आणि रतन पुढं झाली. कमरेला खुंट खोचलेला. काठावर कुजबुज झाली. गेणू नावाचा एकजण मोठ्यानं म्हणाला की सोपाननं आता लुगडं नेसून घरी भाकरी थापाव्यात. काहीजण हसले. सोपानची मान खाली गेली. मग सगळे गावातल्या थोर माणसाकडे, आबाजींकडे बघू लागले. म्हाताऱ्यानं आधी नदी न्याहाळली.

"पोचली तर वाळू तिची," तो म्हणाला. "न्हाय पोचली तर न्हाय."

रतन उतरली. मध्यावर धार अजून जोराची होती. धारेनं रतनला बाजूला ओढलं. एकदा. पुन्हा एकदा. हसणारे गप्प झाले. आणि तेव्हा सोपान गर्दीतून पुढं आला. कालपासून ते पाणी त्याच्याएवढं कुणीच पाहिलं नव्हतं.

"उजवीकडं घे," तो ओरडला. "तितं भोवरा हाय. उजवीकडं!"

ती उजवीकडे वळली. तो काठानं तिच्याबरोबर चालत राहिला, हातानं दाखवत, सारखा सांगत. पाण्याची एक लाट त्याच्या पायांपर्यंत आली, तसा तो दचकून मागं सरला; पण त्याची हाक थांबली नाही. ती वाळूवर चढून, दोन्ही हातांनी खुंट ठोकून उभी राहीपर्यंत थांबली नाही.