भिंतीकडची सालपटं

पटलं तर घ्या, पण ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते गयासोद्दीन मिस्त्री आजही जुन्या जालन्यात राहतात.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. केदारखेड्याजवळचा एक नवा बंगला.

आणि रात्र नाही... भर दुपार. शुक्रवारची.

बंगला अप्पाराव नावाच्या बियाणे व्यापाऱ्याचा. पुण्याच्या आर्किटेक्टनं त्यात एक जपानी बैठक काढली होती. सगळी सागवानाची. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. लाकडात लाकूड असं अडकवायचं, की सांधा दिसता कामा नये.

काम घेतलं गयासभाईंनी आणि त्यांच्या जोडीदारानं, संपतनं. बावीस वर्षांची जोडी. एका डब्यात जेवणारी.

जपानी रंधा उलटा असतो. आपण पुढे ढकलतो, तो स्वतःकडे ओढायचा. सालपटं आपल्याच पायाशी पडतात. दोघांनी व्हिडिओ पाहून पाहून हात बसवला. तरी सांध्यात केसभर फट राहायचीच.

त्या शुक्रवारी गयासभाई नमाजहून परत आले...

अर्धवट सोडलेला सांधा पुरा झाला होता.

फट नव्हती. नखसुद्धा अडकेना.

"संपत, हे तू केलं?"

"न्हाई बा. मी तर बाहेर लिंबाखाली पडून राह्यलो व्हतो. मला वाटलं, तुमीच करून गेल्ते."

गयासभाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा आपल्या माघारी हात दाखवतोय. आर्किटेक्टच्या नजरेत भरायचं असेल. मोठा मिस्त्री व्हायचं असेल.

पुढच्या शुक्रवारी तेच.

संपत पुन्हा नाही म्हणाला. त्या दिवशी दोघांनी डबा वेगवेगळा खाल्ला.

तिसऱ्या शुक्रवारी गयासभाईंनी युक्ती केली. मोठ्या तुळईचा सांधा मुद्दाम अर्धवट ठेवला. तुळई भिंतीलगत, मध्ये जेमतेम चार बोटं जागा. खोलीला दार एकच. कुलूप लावलं, चावी खिशात टाकली.

"चल, बस गाडीवर. जल्दी."

"मी नमाजला येऊन काय करू?" संपत हसला.

"समोर चहा पी."

संपतनं चहा घेतला, यांनी नमाज पढली. दोघं एकाच गाडीवर परत आले.

कुलूप जसंच्या तसं होतं.

पण आत...

सर्रर्र... सर्रर्र...

कुणीतरी सावकाश रंधा ओढत होतं.

संपतनं गयासभाईंचा दंड धरला. खरं तर तिथंच सगळं कळायला हवं होतं. माणूस शेजारी उभा आहे, मग आत तो कसा असेल? पण संशयानं माणसाची मती फिरते, ती अशी.

"आत कुणाला बसवून ठेवलं रे?" गयासभाई म्हणाले. "दुसरी चावी कधी बनवली?"

संपतनं दंड सोडला.

आतला आवाजही थांबला...

दार उघडलं. कुणीच नव्हतं.

तुळई सांधलेली होती. मधली पाचरसुद्धा ठोकलेली. खाली ताजी सालपटं पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

अलीकडे एकही नाही.

सगळी पलीकडे... भिंतीच्या बाजूला. त्या चार बोटांच्या जागेत.

तिथं मांजरसुद्धा मावलं नसतं.

संपतनं आपल्या पटाश्या पिशवीत भरल्या.

"बावीस वर्सं, गयासभाई," एवढंच म्हणाला आणि पायीच सडकेला लागला.

लोक आता ती बैठक पाहायला येतात. सांधा कुठं आहे ते कुणाला सापडत नाही. कारागीर कोण म्हणून विचारलं, की गयासभाई संपतचं नाव सांगतात. त्यांना खूप वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात ते पिंपळगाव रेणुकाईला त्याच्या घरी गेले. संपतच्या बायकोनं, मोनालीनं, पाणी दिलं. गयासभाईंनी हात जोडले.

"माझं चुकलं, संपत. बिलकुल चुकलं."

संपत पुढे सरकला आणि अगदी हळू आवाजात बोलला...

"आता तरी खरं सांगा, गयासभाई. चावी तर तुमच्याच खिशात व्हती. आत कोन बसवल्तं तुमी?"

"खुदा कसम, मला न्हाई माहीत."

संपतनं मान हलवली. पण त्याला ते पटलं नव्हतं.