अठरा हात दोर

“आला! टँकर आला!”

सार्थक ओरडला आणि अख्खा करंजपाडा हंडे-कळश्या घेऊन विहिरीकडे धावत सुटला. सर्वांत पुढे वैष्णवी! एरवी पंचवटीतल्या घरी पाण्याचा एक तांब्या आणायला सांगितला तर तिचे पाय दुखायचे. पण मे महिन्याच्या सुट्टीत ती आणि धाकटा सार्थक पेठकडे मामाच्या गावी आले, की तिच्या अंगात वारं शिरायचं.

तिच्या मागून सावकाश येत होती अंजली. वैष्णवीचं तोंड सकाळी सुरू झालं की झोपेतच बंद व्हायचं. अंजली मात्र दिवसात चार वाक्यं बोलली तरी तिची आई कपाळाला हात लावून ताप बघायची! तरीही तीन उन्हाळे दोघींचं मेतकूट जमलं होतं. वैष्णवी आपली सगळी गुपितं अंजलीच्या स्वाधीन करायची. ती बाहेर फुटणार कशी? त्यासाठी तोंड उघडावं लागतं!

टँकर चालवायचा अंजलीचा मोठा भाऊ, राकेश. त्याने विहिरीत पाईप सोडला आणि खिशातून कागद काढला. टँकर भरून मिळाला म्हणून त्यावर गावातल्या दोन बायकांचे अंगठे लागत. हंडा भरायच्या घाईत बायका पाणी पडायच्या आधीच अंगठा उमटवून मोकळ्या व्हायच्या.

टँकर गेल्यावर गोजराआजी दोर ओढता ओढता कुरकुरली, “मागल्या साली टँकर पडला का अठरा हात दोर लागायचा. औंदा वीस हात लागतोय. माझे हातच आखूड झाले का काय?”

बायका हसल्या. वैष्णवी हसली नाही.

“आजी, मागच्या वर्षीही विहीर कोरडीच होती ना?”

“ठणठणीत!”

वैष्णवीने अंजली आणि सार्थकला बाजूला ओढलं. “दोर जास्त लागतो, म्हणजे पाणी कमी पडतंय! टँकर अर्धाच येतोय! राकेशदादा चहाला थांबला की कुणीतरी पाणी चोरत असणार. उद्या तो थांबतो त्या आंब्याच्या वळणावर लपू या. अंजू, कुणाला सांगू नकोस हं!”

“नाय,” अंजली म्हणाली.

दोन दिवस तिघं आंब्याखाली दबा धरून बसली. टँकर न थांबता खडखडत गेला आणि तरी विहिरीवर दोर लागला वीस हातच!

“चोराला आपली जागा कळतेय!” वैष्णवी म्हणाली.

“पण त्याला सांगतं कोण?” सार्थकने विचारलं.

“आंब्याला कान फुटले असतील!”

अंजली पायाने माती उकरत राहिली.

तिसऱ्या दिवशी अंजलीचं पोट दुखत होतं म्हणे, म्हणून ती आली नाही. “बिचारी! तिला करवंदं नेऊ,” असं म्हणत वैष्णवी सार्थकला घेऊन टेकडी चढली. ओंजळ भरली, तिने सहज खाली पाहिलं आणि ती थिजलीच!

खाली कुण्या शहरवाल्याचं नवं फार्महाऊस होतं. त्याच्या पोहायच्या हौदात टँकरचा पाईप धो धो वाहत होता. राकेशदादा सावलीत कानात इअरफोन घालून मोबाईल बघत बसला होता. आणि फाटकाशी, आंब्याच्या वळणाकडे नजर लावून, अंजली राखण करत उभी होती!

करवंदं टेकडीवरून घरंगळत गेली. त्यांच्यामागून वैष्णवी.

“पोट दुखत होतं ना तुझं?”

अंजलीची मान खाली गेली.

“दोन दिवस आम्ही मुंग्यांकडून चावून घेतलं! आणि तू रोज घरी जाऊन सगळं सांगत होतीस? मी फक्त तुला सांगितलं होतं, अंजू! फक्त तुला!”

“दादा हाय तो माझा,” अंजली कशीबशी म्हणाली.

“आणि मी कोण होते?”

वैष्णवीचे डोळे भरून आले. चोर सापडला याचा आनंद तिला तिळमात्र झाला नाही. जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तिनेच केसाने गळा कापला होता.

टँकरला रस्त्याने मोठा वळसा होता. पायवाटेने धावत दोघं बहीण-भाऊ आधीच विहिरीवर पोहोचले. सरपंच कुसाबाईही तिथे हंडा घेऊन उभ्या होत्या.

“मावशी, आज आधी अंगठा नाही! आधी दोर!” वैष्णवी धापा टाकत म्हणाली. “टँकर पूर्ण येतोय का ते कळेल!”

राकेशने कागद पुढे केला. कुसाबाई म्हणाल्या, “थांब जरा. पाणी तर पडू दे!”

टाकी रिकामी झाली. गोजराआजीने दोर सोडला आणि सगळी पोरं मोजू लागली. “सतरा! अठरा! एकोणीस! वीस!”

“राकेश, दोन हात पाणी कुठं गेलं रे?” कुसाबाईंनी विचारलं.

“वाटंत गळलं असंल, मावशी. टाकी जुनी हाय.”

बायकांनी माना डोलावल्या! वैष्णवीने बोलायला तोंड उघडलं आणि तिला टँकरच्या केबिनमधून उतरणारी अंजली दिसली. दादाची नोकरी गेली तर अंजूच्या घरी काय होईल? एवढं सगळं होऊनही आपल्याला तिचीच काळजी वाटते, याचा वैष्णवीला भयंकर राग आला. पण जीभ काही हलेना.

“नाय गळलं.”

सगळे वळले. अंजली बोलत होती!

“दादा रोज फार्महाऊसच्या हौदात सोडतो. आज मी राखणीला उभी व्हते. वैशूनी मला इस्वासानं सांगितलं, आन् मी ते दादाला सांगितलं. वैशूला मी फसवलं.”

“अंजे, गप!” राकेश ओरडला.

“नाय गप बसणार!”

राकेशने मान खाली घातली. कुसाबाईंनी त्याच्या हातून टँकरची किल्ली काढून घेतली. “उद्यापास्नं दुसरा डायवर. आन् बायांनो, आता आधी दोर, मग अंगठा!”

गोजराआजीने वैष्णवीच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. “शाब्बास गं माझी वाघीण! आमचे अंगठेच आंधळे झाले होते बघ!”

“ही शूर, आन् ही पण शूर!” कुसाबाईंनी दोघींना जवळ ओढलं. “घाला आता गळ्यात गळे!”

सगळा गाव कौतुकाने बघत होता. वैष्णवी मात्र एक पाऊल मागे सरली.

“आज नाही, मावशी,” ती म्हणाली.

अंजलीने मान हलवली. “मग उद्या इचारीन,” ती म्हणाली आणि गोजराआजीचा हंडा डोक्यावर घेऊन चालू लागली.