नुसतं 'अहो'

"मुकी हाय का वं ती?"

कुडापलीकडून हरणाबाईंचा आवाज आला. पलीकडे चुलीशी त्या आणि त्यांचे यजमान मानसिंग, अलीकडे मी. लग्नाला तीन आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत 'अहो' आणि 'चहा ठेवू का' यापलीकडे मी फारसं बोललेच नव्हते. रागवायला जागा नव्हती.

सांगलीतली जोडपी महाबळेश्वरला जायची. माझ्या नवऱ्याला मात्र गवे बघायचे होते. म्हणून चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात आम्ही चांदोलीच्या डोंगरातल्या या लाकडी झोपडीत मुक्कामाला आलो. मानसिंग आमचे वाटाडे. धरणामुळं उठलेलं त्यांचं गाव खालीच होतं. आता नुसती जोती उरलेली.

दुपारी ती जोती दाखवताना ते म्हणाले, "रानात हाळी मारायची तर नावानं मारायची. नुसतं 'आवं', 'अगं' न्हाई. गाव उठलं, पर 'ओ' देणारी हायेत अजून."

"म्हणजे आमच्या क्षमाची पंचाईत!" हे हसले.

परतताना धुकं उतरलं. झोपडीशी पोचलो तर मागं हे नव्हते. फोटोसाठी थांबले असणार. वाटेच्या एका अंगाला कडा होता.

"वैनी, हितंच थांबा," म्हणून मानसिंग वाटेनं खाली गेले. मी उंबऱ्यात उभी. धुक्यात पानांवरून थेंब गळत होते, बाकी काही नाही. न राहवून मी ओरडले, "अहो!"

"ओ..."

अगदी जवळून. ह्यांचाच आवाज. पाठोपाठ हे आले, चुलीशी बसले. माझा जीव भांड्यात पडला. हरणाबाईंनी चहा पुढं केला. ह्यांनी कप धरला, प्यायले नाहीत. बंद घर उघडल्यावर येतो तसा कुबट वास येत होता.

"कॅमेरा कुठंय?"

"आहे."

"भिजलात ना..."

"आहे."

मानसिंग परतले आणि दारातच थबकले. "सायेब... कुठनं आलं? वाट येकच हाय. मी तिच्यावरच हुतो."

चुलीशी बसलेला माणूस निखाऱ्यांकडे बघत राहिला.

मानसिंग माझ्या कानाशी आले. "वैनी... नावानं हाक मारा."

उखाण्यातसुद्धा मी ते नाव जेमतेम पुटपुटले होते. धुक्याकडे तोंड करून मी सगळा दम एकवटला.

"मुकुल!"

चुलीशी मान वर झाली नाही. खालून, कड्याच्या बाजूनं, दमलेला आवाज आला, "ओ! क्षमा... मला काही दिसत नाहीये गं..."

मानसिंग आणि हरणाबाई माझ्याकडे बघत होते. मी मोठ्यानं म्हणाले,

"दादा, कंदील घ्या, मुकुल खाली आहेत. आणि हरणाबाई... ह्यांच्याकडं पाठ करू नका."